मृत्यूचं ठिकाण

सुरतेतल्या नवागामच्या खोलीत बसून वर्षा मोबाइलवरच्या ॲपमध्ये घराण्याची वंशावळ भरत होती. एकाच गावाचं नाव नातेवाइकांपैकी कुणी बेटावद सांगितलं होतं, कुणी खान्देश, तर कुणी नुसतंच ‘आपलं गाव’. ॲपला ती तीन वेगळी गावं वाटत होती. तिने सगळीकडे एकसारखं ‘बेटावद, जिल्हा धुळे’ केलं आणि आई जयश्रीला व आजोबा बन्सीलालना वाचून दाखवू लागली.

“आजी, मंगलाबाई. मृत्यूचं ठिकाण, बेटावद.”

“एवढं सगळं नीट करते आहेस, तर तिथं उधना टाक,” बन्सीलाल म्हणाले.

जयश्री हसली. “आबा, आता वय झालं हं तुमचं! माय गावी पोचल्यावर अंगणात वारली ना? मी सहा वर्षांची होते, पण आपण तिघं बसने गेलो ते पक्कं आठवतं मला. खिडकीशी बसली होती ती, तोंडावर पदर ओढून.”

“पदर मी ओढला होता,” बन्सीलाल म्हणाले. “ती पहाटेच गेली, इथं सुरतेतच, उधन्याच्या आपल्या तेव्हाच्या खोलीत. गावच्या मातीत जायचं म्हणत होती. गाडी करायची ऐपत नव्हती, आणि मेलेलं माणूस बसमध्ये कुणी घेत नाही, जयू. गावात सांगितलं, आत्ताच गेली.”

जयश्रीचं हसू जागच्या जागी विरलं.



त्या दिवशी गाव येईपर्यंत ती मायच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.