बिनधुराची शेगडी

सखुबाईने लिफ्टसमोर शेगडी पेटवली, तशी समोरच्या फ्लॅटमधली क्षमा नाकाला ओढणी लावून बाहेर आली.

"मावशी, किती धूर हा."

"जातोय गो, जरा थांब." सखुबाई पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. "धूर गेल्याबिगर मी पण आत नेत नाय. बाळंतिणीच्या खोलीत धूर कसा चालेल?"

आणि ती खरंच थांबली. कोळसे लालबुंद झाले, धुराची रेघसुद्धा उरली नाही, तेव्हाच तिने शेगडी आत नेऊन आपल्या लेकीच्या, पूर्वीच्या, खाटेखाली सरकवली. चाळीतल्या कौलारू खोलीत तिची स्वतःची बाळंतपणं याच शेगडीवर निघाली होती. आता चाळ पाडून दहिसरचा हा टॉवर झाला, पण म्हणून काय लेकीची कंबर शेकायची नाही? तिने खिडकीची काच घट्ट ओढून घेतली आणि फटीत टॉवेल कोंबला. बाळंतिणीला वारा बाधतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शेकता शेकता लेक आणि नात दोघी पेंगुळल्या, तेव्हा ती पाय न वाजवता बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. शेगडी आतच राहू दिली. तेवढीच ऊब.

दुपारी चारकोपहून जावई आला. प्रीतमने चपला काढल्या आणि थेट खोलीकडे निघाला, तर सखुबाई आडवी आली.

"आता कुठे डोळा लागलाय दोघींचा. रात्र रात्र पोरगी झोपूक देत नाय. तुम्ही आधी जेवून घ्या."

"नुसतं बघतो, आई."

तिने दार बोटभर उघडलं. पूर्वी कुशीवर झोपली होती, बाळ तिच्या पोटाशी. पूर्वीचे गाल लाल झाले होते.

"बघा कसं तेज आलंय," सखुबाई कुजबुजली.

प्रीतमलाही तसंच वाटलं. बायको इतकी छान त्याला लग्नातही दिसली नव्हती. त्याने हळूच दार लावलं.

सासुरवाडीला आलेल्या जावयाची मोठी पंचाईत असते. वाढलेलं खायचं, दाखवलेल्या जागी बसायचं आणि स्वतःच्याच बायकोला भेटायला परवानगी मागायची. प्रीतम सुरमईची तुकडी खात खोलीच्या दाराकडे बघत होता. सखुबाई सोलकढी आणायला स्वयंपाकघरात गेली, तेव्हा त्याने डाव्या हाताने पूर्वीला मेसेज टाकला, "उठ ना." मग दुसरा टाकला. मग गंमत म्हणून सरळ फोनच लावला.

खोलीत फोन वाजू लागला. चांगला मोठ्याने वाजला.

"काय पोरखेळ हा," सखुबाई सोलकढीची वाटी घेऊन धावत आली. "जागी करशात पोरीला. बंद करा आधी."

त्याने बंद केला नाही. आता बाळ रडेल, पूर्वी चिडून फोन उचलेल, म्हणून तो हसतच थांबला होता. रिंग पूर्ण वाजली आणि आपोआप थांबली. आत कुणीच हललं नाही.

"बघितलंत?" सखुबाईला बरं वाटलं. "अशी झोप हवी. शेक लागला की झालं."

प्रीतमचा घास हातातच राहिला. ताटलीवर चमचा आपटला तरी त्याची पोर टाहो फोडायची. तो खरकट्या हाताने उठला.

आत ऊन ऊन कोंदट हवा होती. त्याने पूर्वीला हाक मारली, खांदा हलवला, मग तिला धरून बसवलं. तिचं डोकं त्याच्या हातावर कलंडलं.

"हळू हो," दारातून सखुबाई म्हणाली. "दचकेल ती."

त्याने टॉवेल उपसून खिडकी उघडली. सखुबाई नको म्हणायला पुढे झाली, तेवढ्यात त्याने बाळाला उचललं. बाळाचे हातपाय ओल्या फडक्यासारखे खाली लोंबले. सखुबाईचं तोंड उघडंच राहिलं. इतकी शांत पोर तिने जन्मात पाहिली नव्हती, आणि गेला तासभर ती त्याच शांततेवर खूश होती.

पुढचं सगळं क्षमाच्या गाडीत झालं. प्रीतम बाळाच्या छातीला कान लावून बसला होता. काहीतरी ऐकू येत होतं, नक्की काय ते त्याला कळत नव्हतं.

हॉस्पिटलात दोघींना दोन वेगळ्या दारांतून आत नेलं. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. "घरात काही जळत होतं?"

"नाय हो," सखुबाई म्हणाली. "नुसते निखारे. धूर सगळा भायेर काढला आणि मगच आत नेले. विचारा हिला."

क्षमाने मान खाली घातली.

"निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो, आजी. तो दिसत नाही, त्याला वास येत नाही. खिडकी उघडी होती ना?"

"बाळंतिणीची खिडकी कशी उघडी ठेवू?" सखुबाईने विचारलं. ती खरंच विचारत होती.

आईला ऑक्सिजन लावलाय, ती शुद्धीवर येतेय, बाळाचं आत्ताच काही सांगता येणार नाही, एवढं सांगून डॉक्टरीण बाळ होतं त्या दारातून आत गेली. प्रीतम त्या दारासमोर जाऊन उभा राहिला, तो तिथून हललाच नाही.

संध्याकाळी सखुबाईला पूर्वीजवळ सोडलं. पूर्वीने डोळे उघडले, रिकामी कूस चाचपली आणि तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आई," ती म्हणाली, "झोपली का गं ती?"

सखुबाईने दुपारी जावयाला हेच कौतुकाने सांगितलं होतं. आता तिने तोंड उघडलं, पण ‘झोपली’ हा शब्द काही केल्या तिच्या जिभेवर येईना.