घाटातला हॉर्न

शलाकाने क्लच सोडला आणि जीप चढावर जराही मागे न सरकता पुढे निघाली. कालपर्यंत तिला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, हेही ठाऊक नव्हतं.

"इंजिन ओरडतंय का गं?" शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं.

"नाही बाबा, दुसऱ्या गिअरवर असाच आवाज येतो."

"असं होय!"

सुधाकर तावड्यांनी या घाटात जन्मभर जीप चालवली होती. आपोआप चालणाऱ्या गाड्या या सारख्या खचणाऱ्या रस्त्यावर येत नसत, त्यामुळे वरच्या वाडीत कुणी आजारी पडलं की लोक त्यांनाच हाक मारत. आता त्यांची नजर अधू झाली होती. काल तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचं ड्रायव्हिंग त्यांच्या मेंदूतून काढून शलाकाच्या मेंदूत घातलं. हातापायांनी शिकलेलं असं दुसऱ्याला देता येतं, पण दिलं की आपल्याकडे उरत नाही. "मला आता कशाला हवंय ते?" म्हणत बाबांनी लगेच होकार दिला होता.

शेवटच्या वळणावर वाघजाईचं देऊळ आलं. शलाकाच्या हातांनी आपसूक हॉर्न वाजवला, मग स्टिअरिंगला स्पर्श करून बोटं कपाळाला लावली. लहानपणी मागच्या सीटवरून ती बाबांना दर वेळी हेच करताना पाहायची. तिने हसून त्यांच्याकडे पाहिलं.

बाबांनी देवळाकडे एक नजर टाकली आणि डोळे बारीक करून ते समोरचा रस्ता न्याहाळू लागले.

"पुढे तर कुणीच नाही," ते म्हणाले. "हॉर्न कुणाला वाजवलास?"