नेव्हिलच्या नावापुढे

"दार मी वाजवते. तू मागे उभा राहा आणि तोंड उघडू नकोस," ग्लेनिस म्हणाली.

टिम गुपचूप मागे सरकला. छातीवर निळ्या फितीचं फूल लावून हा निळ्या पक्षाचा उमेदवार ब्रॅकनथॉर्पच्या खाणकामगारांच्या गल्लीत मतं मागायला आला होता. एरवी त्याच्या पक्षाच्या माणसाला इथे चहा सोडाच, कुणी हसून बघितलंही नसतं. पण आज बरोबर ग्लेनिस हॅगिट होती. तिचा बाप खाणीत, नवरा खाणीत. निळ्यांच्या सरकारविरुद्धच्या मोठ्या संपात तिने गल्लीभर सूप रांधून घातलं होतं. तिच्या तोंडावर दार लावायची कुणाची छाती होती?

दार जॉयसने उघडलं. निळं फूल बघून तिने आ वासला.

"अगं बाई! ग्लेनिस, तू? आणि ह्यांच्याबरोबर? तुझा बाप थडग्यात उठून बसेल गं!"

"बसू दे. तू नेव्हिलला मत देऊ नकोस म्हणजे झालं."

"रॉनमुळे ना?"

"रॉनमुळेच."

सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. नेव्हिल हार्डकॅसल लाल पक्षाचा नगरसेवक. पिढ्यान् पिढ्या लाल फूल लावलेला माणूसच इथून निवडून यायचा. ग्लेनिसच्या नवऱ्याची, रॉनची स्मृती गेली, तेव्हा तो म्हाताऱ्यांच्या दिवसभराच्या केंद्रात जायला लागला. तिथे डॉमिनो खेळायचा, गाणी म्हणायचा आणि घरी आल्यावर बायकोला नावाने हाक मारायचा. ते केंद्र बंद करायच्या ठरावावर नेव्हिलने हात वर केला. पैसे नाहीत म्हणाला. मग जानेवारीतल्या एका सकाळी रॉन सपाता घालून एकटाच केंद्राकडे निघाला. कुलूपबंद दारापाशी बसून राहिला, कुणीतरी उघडेल म्हणून. न्यूमोनिया झाला आणि आठवड्याच्या आत गेला बिचारा.

नेव्हिल अंत्यविधीला आला होता. "आपला माणूस गेला गं," असं म्हणत त्याने तिचा हात धरला आणि मग हॅमचे सँडविच दोनदा वाढून घेतले. ग्लेनिसने तेव्हाच मनाशी ठरवलं, ह्याला पाडायचाच.

तिने एकही दार सोडलं नाही. रिंगणात दोघंच, लाल आणि निळा. लोक कुरकुरले, चिडले, एकाने तर टिमवर कुत्रा सोडला. पण ग्लेनिसने रॉनच्या सपातांची गोष्ट सांगितली की माणसं गप्प व्हायची. "एकदाच," ती म्हणायची. "डोळे मिटून द्या, पण त्याला पाडा."

मतदानाच्या दिवशी ती सकाळीच चॅपलच्या सभागृहात गेली. टेबलामागे बसलेल्या बाईने ओळखपत्र मागितलं.

"आपण एका बाकावर बसायचो गं शाळेत!"

"नियम आहे बाई. काढ तो बसचा पास."

पास दाखवून ती आडोशामागे गेली. दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली. हात निळ्याच्या चौकटीपर्यंत गेला आणि तिथेच अडला. गल्लीभर ज्याच्यासाठी मतं मागितली, त्याला स्वतःचं मत काही देववेना. बाप आठवला, संप आठवला, ते सूप आठवलं. छे! निळ्यापुढे फुली? मरून गेले तरी नाही.

नेव्हिललाही द्यायचं नव्हतंच. मग तिने त्याच्या नावापुढच्या चौकटीत ठसठशीत अक्षरांत एकच शब्द लिहिला. चॅपलमध्ये तो मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. आपलं मत वाया गेलं तर गेलं, पण निदान कुणीतरी वाचेल. कागद पेटीत टाकून ती बाहेर आली, तेव्हा कित्येक महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी क्रीडागृहात मोजणी होती. टिमने तिला आपली मोजणी प्रतिनिधी नेमलं होतं. नेव्हिल मुद्दाम तिच्यापाशी आला.

"निळ्यांच्या टेबलावर बसलीस, ग्लेनिस? रॉनला काय वाटलं असतं?"

"त्याचं नाव तुझ्या तोंडून नको. आज संध्याकाळपासून घरी बसशील ना, मग कर विचार."

नेव्हिल हसला, पण त्याची नजर गठ्ठ्यांवरून हलत नव्हती. लालचे गठ्ठे वाढत, मग निळ्याचे. मोजून झालं, पुन्हा मोजलं. दोघं अगदी बरोबरीत. टिमचा रंग उडाला. ग्लेनिस मात्र मनातून सुखावली. ब्रॅकनथॉर्पमध्ये लाल पक्षावर ही वेळ कधी आली नव्हती, आणि ती तिने आणली होती.

उरल्या होत्या फक्त शंकास्पद मतपत्रिका. निवडणूक अधिकारी ऑर्मरॉडबाई एकेक उचलून दोन्ही बाजूंना दाखवू लागल्या. कोरी, म्हणून बाद. दोन्हीकडे फुल्या, बाद. खाली सही ठोकलेली, तीही बाद. शेवटची हातात घेतली आणि बाई जराशा खाकरल्या.

"फुलीच हवी असं नाही," त्या म्हणाल्या. "एकाच उमेदवाराच्या चौकटीत काहीतरी लिहिलेलं हवं आणि दुसरी चौकट मोकळी हवी. मतदाराने कुणाला निवडलं एवढंच मी बघायचं. कोणत्या शब्दांत, ते नाही."

ग्लेनिसने मान पुढे काढून बघितलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"अहो बाई, पण तो शब्द तर..." ती म्हणाली.

"वाचते आहे ना," ऑर्मरॉडबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा सारखा केला. "'हरामखोर.' वैध. मत नेव्हिल हार्डकॅसल यांना."