दाराचं लॅच

लढाईत सुरुंगाने दोन्ही पाय गेलेल्या कॅप्टनला "पुन्हा स्वतःच्या पायांवर उभं करण्याचा" विडा स्वयंसेवक मंडळाने उचलला. शब्दयोजना सेक्रेटरींची होती, पण काम चोख झालं. दोन रविवारांत मंडळींनी ओटा, बेसिन, दिव्यांची बटणं, दाराचं लॅच, झाडून सगळं चाकांच्या खुर्चीतून हाताला येईल इतकं खाली आणलं. बायको कामावर गेली की घरात कोंडून पडणारा कॅप्टन दोन वर्षांनी स्वतः दार उघडून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आला.

तिसऱ्या रविवारी मंडळी कौतुक ऐकायला हजर झाली.

"काका, लॅच परत वर न्या," कॅप्टन सुतारकाकांना म्हणाला.

"अहो, मग तुमचा हात कसा पुरणार? बसाल पुन्हा दिवसभर कोंडून!"

"बसेन."

"आणि अहवाल छापायला गेलाय, त्याचं काय?" सेक्रेटरी कळवळले.

कॅप्टनने पलंगावर झोपलेल्या लेकीकडे पाहिलं. तीन वर्षांची पोर, कपाळाला पट्टी.

"काल पहिल्यांदाच एकट्याने अंघोळ केली, काका. बाहेर आलो तर दार सताड उघडं आणि ही रस्त्याच्या मधोमध पडलेली. हिचाही हात पुरतो आता."