डावा कान, उजवा कान

आजींचा डावा कान पुन्हा पिकला होता आणि आजोबांचा उजवा. डॉक्टर चक्रावून गेले. पोहायचा तलाव एक, औषधाचे थेंब तेच, पाणी जाऊ नये म्हणून दोघांना इअरप्लगही दिलेले. मग दोघांचा एकेकच कान कसा ठणकतो?

“पोहून आल्यावर कान कोरडे करता ना?”

“मी करते. यांचं यांना विचारा.”

“हिला सांगा, मीही करतो,” आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले. कशावरून तरी बिनसलं होतं आणि घरात कधीचा अबोला होता.

“प्लग दाखवा बघू.”

दोन पिशव्यांतून दोन डब्या निघाल्या. दोन्हींत एक प्लग वापरून मळलेला, दुसरा कोरा करकरीत.

डॉक्टरांचा गोंधळ आणखीच वाढला. “पाण्यात कोण कुठे असतं?”

“हे माझ्या डावीकडे. परत फिरलो, की वळसा घालून पुन्हा डावीकडेच येतात.”

“मग डाव्या कानात प्लग का नाही घालत?”

आजींनी डबी मिटली. “हे चुकून बोललेच, तर ऐकू यायला नको?”

डॉक्टरांनी आजोबांकडे पाहिलं.

आजोबा अजून भिंतीकडेच बघत होते. “हिला सांगा, माझंही तेच.”