केतनला जुळणारे शब्द

इंग्रजीच्या वर्गात बसल्या जागीच बायको गेली. त्या दुपारी दवाखान्यातून मला तिची पिशवी मिळाली. आत चष्मा होता आणि वही. एका पानावर तिने लिहिलं होतं, ‘केतन’. त्याखाली कॉटन, किटन, कर्टन, बटन.

नावाला शब्द जुळवायचे ते नवऱ्याच्या, उखाण्यात. चाळीस वर्षांत तिने माझं नाव घेतलं ते तेवढंच, तेही बायकांनी दार अडवल्यावर. आणि या केतनला चार-चार शब्द! तेरावं झालं तरी तो माणूस माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी वही घेऊन वर्गावर गेलो.

“केतन कोण?”

“मीच,” मास्तर म्हणाला. पंचविशीतला पोरगा. “जुळणारे शब्द शिकवताना फळ्यावर नमुन्याला माझं नाव लिहिलं होतं, काका. मावशींना तुमच्या नावाला शब्द हवा होता. लग्नाच्या वाढदिवसाला इंग्रजी उखाणा घेणार होत्या. नाव विचारलं तर तोंडाने सांगेनात, खडूने फळ्यावर लिहून दाखवलं.”

“मग?”

“सगळ्या वर्गाने डोकं खाजवलं. धोंडिबाला काही जुळेना. ‘मी शोधते,’ म्हणाल्या.”

त्याने वहीचं शेवटचं पान उघडून दिलं. वर तिच्या अक्षरात माझं नाव होतं. खालच्या ओळी कोऱ्या होत्या.

लग्नाचा वाढदिवस परवा आहे. केतनला चार शब्द मिळाले. धोंडिबाला अजून एकही मिळालेला नाही.