न रोवलेला कोपरा

अल्काने दुर्बीण शेताजवळच्या छोट्या तळ्याच्या, बोडीच्या काठावरून दोनदा फिरवली. सारस एकच दिसला.

"दुसरी कुठं हाये, बाबा?"

बकाराम शेताच्या धुऱ्यावर उकिडवा बसला होता. समोरच्या बांधीत धान चांगलं गुडघ्याला आलं होतं. एका कोपऱ्यात मात्र नुसतं पाणी आणि गवत. जोडी तिथे घरटं बांधायची म्हणून तो कोपरा त्याने याही साली रोवला नव्हता.

"असंल तिकडं," तो म्हणाला.

सारसांची जोडी अशी इकडे एक, तिकडे एक राहत नाही. हे अल्काला सांगायची गरजच नव्हती. याच जोडीच्या हाकांवर तिचं संशोधन सुरू झालं होतं. नर एक हाक देतो आणि मादी लगेच आपल्या दोन त्यात मिसळते. मग आईच्या किडन्या गेल्या, डायलिसिससाठी गोंदियात खोली घ्यावी लागली आणि पीएचडी सुटली ती सुटलीच. आई गेल्या वर्षी गेली. आता छत्तिसाव्या वर्षी अल्काने पुन्हा नोंदणी केली होती. तीच जोडी आमच्या बांधीत अजून येते, असं मार्गदर्शकांना छातीठोकपणे सांगून बसली होती. भरवसा कशाचा, तर बाबांच्या फोनचा. "दोघंई हायेत. तू ये."

"बाबा, खरं सांगा."

"मादी विजेच्या तारेले लागली. तीन पावसाळे झाले."

अल्काच्या अंगाची लाही झाली. "मंग फोनवर खोटं काऊन बोलले?"

बकाराम गवताची काडी मोडत राहिला.

"तुही माय दवाखान्यात दरखेपी इचारे, जोडी हाये ना? माह्यापायी पोरीचं शिक्षण सुटलं, पण जोडी राह्यली तं पोरगी पुन्हा जाईल, मने. मी हाये मनलो. दरखेपी हायेच मनलो." त्याने दुपट्ट्याने नाक पुसलं. "तिले एक सांगून तुले दुसरं कसं सांगू?"

बाबा भेटून गेले की त्या दिवशी आई दोन घास जास्त खायची. का, ते अल्काला आज कळलं. तिला रागवायचं होतं, पण आईचीच आठवण येत राहिली.

"एका पक्ष्यावर नाई होत पीएचडी," ती शेवटी म्हणाली.

"नाई होत?"

"नाई. मंग तुमी या साली कोपरा कायले सोडला?"

"तो येते ना अजून."

ऊन उतरलं. सारसाने मान वर केली. अल्काने सवयीने पिशवीतून रेकॉर्डर काढून सुरू केला. सारसाने हाक दिली. ती बोडीवरून पार पलीकडच्या पळसांपर्यंत गेली. मग तो तसाच, मान उंच करून उभा राहिला.

"आता तिच्या हाकेसाठी थांबंल," बकाराम हळूच म्हणाला. "रोजच थांबते."

अल्काने रेकॉर्डर बंद केला नाही. शेजारी बकारामही कान देऊन बसला होता.